माझा तिसरा ट्रान्सफॉर्मर

मित्रांनो, चारशे किलो वजनाचा, करड्या रंगाचा आणि सध्या बराच वैतागलेला जुना वेल्डिंग सेट म्हणजे मी. जुन्या वस्तूंनी आपली कहाणी शांतपणे, मधूनमधून सुस्कारे टाकत सांगावी अशी रीत आहे. मला ते जमेल असे वाटत नाही. माझ्या पोटातला एक ट्रान्सफॉर्मर दोनदा जळला. दोन्ही वेळा माझा काडीचा दोष नव्हता आणि दोन्ही वेळा बोल मात्र मलाच लागला. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, ती अशी. तेव्हा आधी रागावून घेतो, शहाणपणाचे मग बघू.

माझा जन्म १९७४ साली अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनमधल्या एका नदीकाठच्या कारखान्यात झाला. तिथल्या बायका दिवसभर बसून तांब्याच्या तारांची वेटोळी गुंडाळत. त्यांच्यातल्या एकीने माझ्या आतल्या पत्र्यावर खडूने ‘चांगला’ असे लिहिले होते. ती तपासणीची खूण होती, माझे कौतुक नव्हते, हे मला पुष्कळ उशिरा कळले. तोवर मी ते कौतुकच धरून चाललो होतो, आणि खरे सांगायचे तर अजूनही धरतो.

माझे काम धातूला धातू जोडण्याचे. वेल्डिंग करणारा हातात धरतो त्या टॉर्चच्या टोकाला टंगस्टनची एक बारीक कांडी असते. ती कांडी आणि पोलाद यांच्यामध्ये विजेची ज्योत पेटते, त्या उष्णतेने पोलाद वितळते आणि सांधा जुळून येतो. यातली मेख अशी की कांडी पोलादाला टेकवायची नसते. टेकवली की तिचा कण धातूत अडकतो आणि सांधा नासतो. मग न टेकवता वीज पलीकडे जाणार कशी? त्यासाठी माझ्या पोटात विटेएवढा एक वेगळा ट्रान्सफॉर्मर आहे. तो हजारो व्होल्टचा दाब तयार करतो. तो दाब दोन पॉइंटांमधल्या फटीवरून उडी मारतो, तडतड ठिणग्या पडतात, आणि त्यांच्या जोरावर टॉर्चच्या टोकाशी वीज हवेतून वाट काढते. तुमच्या स्वयंपाकघरातला गॅसचा लायटर खटकन ठिणगी टाकतो ना, तसलेच काम. फक्त लायटरपेक्षा कितीतरी दांडगे.

ही फट एका पोस्टकार्डाच्या जाडीएवढी हवी. ती रुंद केली की ठिणगीला लांब उडी मारावी लागते, आवाज मोठा होतो आणि ऐकणाऱ्याला वाटते, वा, काय जोर आहे! पण त्या उडीचा सगळा ताण ट्रान्सफॉर्मरच्या अंगावर येतो. त्याच्या तारांवरचे वार्निश तापते, तडकते, आणि एक दिवस तो आतल्या आत जळून जातो. मित्रांनो, एवढे ध्यानात ठेवा. एका शिकल्यासवरल्या माणसाला हे ध्यानात ठेवता आले नाही.

खरे तर ‘आले नाही’ म्हणणे अन्यायाचे आहे. त्याला हे सगळे माझ्याहून चांगले ठाऊक होते. त्याचे नाव नॉर्बर्ट झास्ट्रो.

नॉर्बर्टने मला कोरा करकरीत असताना विकत घेतले तेव्हा तो सव्वीस वर्षांचा होता. गावाबाहेर, मक्याच्या शेताला लागून त्याचे पत्र्याचे वर्कशॉप. आमच्या भागात दर चार मैलांवर चीजचा कारखाना, त्यामुळे काम सगळे स्टेनलेस स्टीलचे: दुधाच्या टाक्या, चीजचे हौद, चीज करताना सुटणारी निवळी वाहून नेणारे पाइप. या कामात सांधा आतून काचेसारखा गुळगुळीत लागतो. सुईच्या टोकाएवढा जरी खळगा राहिला तरी त्यात दूध अडकते, नासते आणि अख्खा हौद वाया जातो. नॉर्बर्टच्या आणि माझ्या सांध्यात तीस वर्षांत एकही खळगा सापडला नाही. दुधाचा सरकारी तपासनीस पाइपात बोट घालून बघायचा आणि म्हणायचा, "झास्ट्रोचं काम आहे का? मग बघायला नको." मी शेजारी उभा असायचो. तेव्हा फुलायला मला छाती असती तर फुलली असती.

नॉर्बर्टची एक खोड होती. फट मोजायला पोलादाच्या पातळ पत्त्यांचे फिलर गेज मिळते, ते त्याच्या पेटीत तसेच कोरे पडून होते. तो फट कानाने लावायचा. वीज बंद करून स्क्रू किंचित फिरवायचा, माझे झाकण बसवायचा, वीज चालू करून टॉर्च हवेत धरायचा आणि पायाखालचे पेडल दाबून माझ्या कुशीला कान लावायचा. "तव्यावर बेकनची, म्हणजे डुकराच्या मांसाची, पट्टी पडल्यासारखा चर्र आवाज हवा," तो सांगायचा. "त्याहून मोठा नाही, अंडं फुटल्यासारखा तर मुळीच नाही." आणि दर वेळी फट पोस्टकार्डाएवढीच भरायची. त्याची मुलगी जोलीन लहानपणी एकदा गेजने मोजून बघायला आली होती. केसभरही फरक निघाला नाही. पोरगी वडिलांकडे जादूगाराकडे बघावे तशी बघत राहिली.

हीच जोलीन पुढे वडिलांच्या हाताखाली काम शिकली. आज ती चव्वेचाळीस वर्षांची आहे आणि पातळ पत्र्यावर तिचा हात वडिलांपेक्षा स्थिर आहे. गेली दहा वर्षे टॉर्च तीच धरते. माझी देखभाल मात्र नॉर्बर्टने स्वतःकडे ठेवली. "टॉर्च तुझा, पोट माझं," असे तो म्हणायचा, आणि माझ्या झाकणाला जोलीनने हात लावलेला त्याला खपत नसे.

मित्रांनो, पन्नास वर्षे ग्राइंडरच्या किंचाळण्याजवळ उभे राहिले, आणि कानात बोळे घालणे म्हणजे शहरी नखरे असे मानले, की कानांचे काय होते ते मी सांगायला नको. आधी बारीक आवाज जातात. चिमण्या जातात, फोनची घंटा जाते. माझ्या ठिणगीचा आवाजही त्याच बारीक जातीचा. नॉर्बर्टचे कान चालले आहेत हे सगळ्यांच्या आधी मला कळले, कारण त्याने फट वाढवली.

पहिल्यांदा अगदी थोडी वाढवली. कान लावला, भुवया आक्रसल्या, म्हणाला, "म्हातारा झालास रे, आवाज खोल गेला तुझा." माझा आवाज होता तसाच होता! मला ओरडून सांगावेसे वाटले की खोल माझा आवाज गेलेला नाही. पण मी फक्त भुणभुणतो, आणि ती भुणभुण त्याला ऐकू येत नव्हती. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो मी तीन वर्षे खाल्ला. दर दोन महिन्यांनी अर्धा फेरा, पाव फेरा. फट एक पोस्टकार्ड होती ती दोन झाली, तीन झाली. माझ्या पोटात वार्निशचा उग्र वास राहू लागला.

पहिला ट्रान्सफॉर्मर, माझ्या जन्माचा सोबती, नोव्हेंबरात जळला. हरणांच्या शिकारीचे नऊ दिवस तोंडावर आले होते आणि त्या नऊ दिवसांत आमच्याकडे चीज सोडून कसलेच काम होत नाही. नॉर्बर्टने झाकण उघडले, काळाठिक्कर पडलेला तो ठोकळा पाहिला आणि निदान केले: "उंदीर." माझ्या पोटात उंदीर नव्हता. तो मला तसाच उघडा टाकून शिकारीला गेला.

परत आला तो गप्प गप्प. त्याच्यामागोमाग आला अर्विन ट्राक्सेल, चीज कारखान्याचा मालक, शाळेपासूनचा दोस्त. अर्विनला मात्र हसू आवरत नव्हते.

"सांगू का जोलीन? सांगतोच. तुझा बाप मचाणावर बसलाय आणि मचाणाच्या मागून शिंगांना दहा फाटे असलेला नर चाललाय, वाळक्या पानांवर, अगदी कुरुमकुरुम करत. मी शंभर पावलांवर, मला ऐकू येतंय! आणि हा शहाणा समोर बघत बसलाय, जणू सिनेमा चालू आहे."

"वारा उलटा होता," नॉर्बर्ट म्हणाला.

"वारा नव्हताच रे बाबा!"

"मग तू का नाही मारलास?"

"हसता हसता बंदूक कोण धरणार?"

सगळे हसले. जोलीन हसली, पण तिचे हसू मध्येच थांबले, हे मी पाहिले.

जुन्या सुट्या भागांच्या एका व्यापाऱ्याकडून दुसरा ट्रान्सफॉर्मर आला. तो बसवणे हे तसे अर्ध्या दिवसाचे काम. वीज तोडायची, कंडेन्सरांत साठलेला भार उतरवायचा, चार बोल्ट काढायचे, दोन जाड आणि दोन बारीक तारा खुणा करून सोडवायच्या, नवा ठोकळा बसवून त्या तशाच जोडायच्या. नॉर्बर्टने ते सुरेख केले, हे कबूल करायला हवे. हात त्याचे अजून पोलादासारखे होते. सगळे झाल्यावर त्याने पेडल दाबले, माझ्या कुशीला कान लावला आणि मान हलवली.

"हाही खोल."

आणि फट वाढवली. नवा ट्रान्सफॉर्मर आठ महिन्यांत जळला.

आता माझी आणखी वाईट अवस्था झाली. ठिणगी नाही म्हटल्यावर जोलीन काडेपेटीवर काडी ओढावी तशी टंगस्टनची कांडी पोलादावर घासून ज्योत पेटवू लागली. असे करू नये हे तिलाही ठाऊक होते, पण कामे अडली होती. व्हायचे तेच झाले. अर्विनच्या कारखान्यातल्या एका पाइपात तपासनिसाचे बोट गेले आणि थांबले. दोन खळगे. दोनशे दहा किलो चीज डुकरांपुढे गेले.

अर्विन वर्कशॉपमध्ये आला. आमच्या भागात, मित्रांनो, ‘तुझे चुकले’ असे कुणी कुणाला तोंडावर सांगत नाही. ‘असेही करून बघता येईल म्हणा’ एवढेच म्हणतात आणि दुसऱ्या दिवशी घरी सफरचंदाचा केक पाठवतात. मला या सभ्यपणाचा भयंकर राग आहे. अर्विन टोपी हातात फिरवत बराच वेळ हवेबद्दल आणि मक्याच्या भावाबद्दल बोलला.

शेवटी म्हणाला, "तसं फार काही नाही रे. दोन बारीक खळगे. होतं असं. पण माझा जावई म्हणत होता, मॅडिसनकडे एक नवीन वर्कशॉप आहे, त्यांच्याकडे सगळं नवं. मी त्याला म्हटलं, बघू."

या ‘बघू’चा अर्थ तिघांनाही कळला. अर्विनचे काम गेले तर वर्कशॉपला कुलूप, हे उघड होते. निम्म्याहून जास्त काम त्याचेच होते.

अर्विन गेल्यावर नॉर्बर्टने माझ्या अंगावर लाथ मारली. पन्नास वर्षांत पहिल्यांदा. "याचंच काहीतरी बिघडलंय. सोमवारी भंगारवाल्याला फोन करतो. आणि एकदा हा गेला की मीही बंद. नवीन मशीनचे पडदे आणि बटणं शिकायचं वय नाही माझं."

"थांबा ना बाबा थोडं. मी शोधते एखादा ट्रान्सफॉर्मर," जोलीन म्हणाली.

तिने शोधला. कारखान्याने माझ्या जातीचे भाग बनवणे कधीच बंद केले होते. शेजारच्या काउंटीतली एक तंत्रशाळा बंद पडली होती, तिच्या तळघरात माझा एक जुळा भाऊ धूळ खात होता. त्याच्या पोटातला ट्रान्सफॉर्मर ती काढून घेऊन आली. माझ्या पोटात आता तो आहे. माझ्यासाठी त्या भावाला रिकामे केले, याचे मला वाईट वाटते. त्यालाही लिहिता येत असते तर त्याने काय लिहिले असते कोण जाणे.

या वेळी नॉर्बर्ट दातांच्या डॉक्टरकडे गेला होता, म्हणून ट्रान्सफॉर्मर जोलीननेच बसवला. बसवता बसवता तिने पेटीतले ते कोरे फिलर गेज काढले आणि फट मोजली. एक पत्ती घातली, ढिली. दुसरी घातली, तीही ढिली. पाच पत्त्या एकत्र घातल्या तेव्हा कुठे घट्ट बसल्या. त्या पाच पत्त्या तिने पुन्हा एकदा मोजल्या. मग तिने फट बरोबर लावली आणि स्क्रूच्या डोक्यावर पेन्सिलीने एक बारीक रेघ मारली. मला हायसे वाटले. किती वर्षांनी ठिणगी सहज उडाली!

दुसऱ्या दिवशी रेघ सरकली होती.

तिसऱ्या दिवशी तिने ती सरकताना पाहिली. ती दारात उभी होती, हातात कॉफीचे दोन मग. नॉर्बर्ट माझ्या कुशीला कान लावून बसला होता. फट रुंद झालेली, ठिणग्यांचा तडतडाट दारापर्यंत ऐकू येत होता, आणि नॉर्बर्ट मान हलवत स्वतःशीच म्हणत होता, "नाही. अजून नाही."

जोलीनच्या चेहऱ्यावर सगळे उमटले. तो नर, तो वारा, दोन जळलेले ठोकळे. मी मनात म्हटले, बोल. बाई, आता तरी बोल! तिने तोंड उघडले.

"कॉफी घेणार ना?" ती म्हणाली.

मित्रांनो, मी त्या दिवशी फ्यूज उडवून घेणार होतो.

तिचेही खरे होते म्हणा. ज्या माणसाने कान ही आपली मोठी विद्या मानली, त्याला ‘तुमचा कानच गेला’ असे पोटच्या पोरीने कसे सांगावे? आपलेच दात आणि आपलेच ओठ. म्हणून तिने आमच्या भागातला सभ्य मार्ग काढला. रोज सकाळी वडील येण्याआधी ती फट बरोबर करायची. रोज दुपारी ती जेवायला गेली की नॉर्बर्ट फट रुंद करायचा. काही घरांत बाप हीटरचा थर्मोस्टॅट उतरवतो आणि मुली चढवतात, तसा माझा स्क्रू दिवसातून दोनदा फिरू लागला. दोघेही एकमेकांना काही बोलत नव्हते. बोल मात्र मलाच लागत होता. "याचा स्क्रू आपोआप सरकतो," नॉर्बर्ट म्हणायचा. "हो का?" जोलीन म्हणायची. पाच आठवडे हा खेळ चालला आणि त्या पाच आठवड्यांत तिसऱ्या ट्रान्सफॉर्मरवर पहिला तपकिरी डाग पडला.

मग तो शनिवार आला. सकाळी नऊच्या सुमारास अर्विनची गाडी धडधडत आली. त्याच्या मोठ्या हौदाच्या तळातला पाइप तडकला होता. त्याने तो सोडवून घोंगडीत गुंडाळून आणला होता.

"दुपारी दोनला दुधाची टँकर गाडी येईल," तो म्हणाला. "मॅडिसनवाले शनिवारी फोनच उचलत नाहीत. तेव्हा तुमच्याकडेच आलो." मग आपण काय बोललो ते लक्षात येऊन तो लाल झाला. "म्हणजे, तसंही तुमच्याकडेच येणार होतो."

"हो, हो," जोलीन म्हणाली आणि पाइप साफ करू लागली.

सकाळी तिने फट बरोबर लावलेली होती. पण पाइपाचे दुसरे टोक आणायला ती गाडीकडे गेली, आणि एवढे महत्त्वाचे काम म्हटल्यावर नॉर्बर्टला राहवेना. त्याने वीज बंद केली, झाकण काढले, स्क्रू फिरवला. अर्धा फेरा नाही. पुरता एक फेरा. मग वीज चालू करून कान लावला आणि त्याचा चेहरा उजळला. कितीतरी वर्षांनी त्याला तो आवाज ऐकू आला होता. त्याला तो बेकनचा वाटला असेल. प्रत्यक्षात माझ्या पोटात आसूड कडाडत होते.

जोलीन आली, तिने मुखवटा खाली ओढला, पेडल दाबले. ठिणगी एकदा उडाली, एकदा चुकली, पुन्हा उडाली. ज्योत पेटेना. मला आतून भाजत होते. तिसऱ्या ट्रान्सफॉर्मरच्या वेष्टनातून धुराची एक बारीक रेघ निघाली आणि वार्निशचा वास बाहेर आला. तो वास जोलीनच्या ओळखीचा होता. तिने मुखवटा फेकला आणि माझे लाल बटण दाबले.

ठिणग्यांचा तडतडाट थांबला.

"बंद का केलंस?" नॉर्बर्ट चिडून म्हणाला. "आत्ता कुठे आवाज नीट यायला लागला होता!"

जोलीनने हातमोजे काढले. मग हळूच म्हणाली, "बाबा, आवाज नीट नव्हता."

"काय?"

"आवाज. नीट नव्हता तो."

"मान खाली घालून काय पुटपुटतेस? वर बघून बोल!"

मित्रांनो, काही गोष्टी हळू सांगायच्या असतात. चारचौघांत नाही, एका बाजूला घेऊन, पाठीवर हात ठेवून सांगायच्या असतात. पण ज्याला हळू बोललेले ऐकूच येत नाही त्याला हळू कसे सांगणार? जोलीनने अर्विनकडे पाहिले. अर्विन छताकडे बघू लागला. तिने श्वास घेतला आणि सगळ्या ताकदीनिशी ओरडली.

"बाबा! तुम्हाला ऐकू येत नाही! मशीन चांगलं आहे! तुमचे कान गेलेत!"

हे मात्र त्याला ऐकू गेले. पत्र्याच्या भिंतींनी ते दोनदा सांगितले.

नॉर्बर्टने हातातला स्क्रू ड्रायव्हर फडक्याने पुसला. तो स्वच्छच होता, तरी पुसला. मग माझ्याकडे पाहिले. मी म्हातारा आणि जड लोखंडाचा, पण ती नजर मला पेलवली नाही. गेल्या सगळ्या वर्षांत मला दिलेल्या शिव्या एकेक करून त्याच्याकडे परत जात होत्या.

"किती दिवसांपासून ठाऊक आहे तुला?" त्याने विचारले.

"पाच आठवडे."

"आणि तुला?" त्याने अर्विनला विचारले.

अर्विनने टोपी काढली. "तो नर गेला त्या दिवसापासून. नाही, खरं सांगायचं तर त्याच्याही आधीपासून. चर्चमध्ये गाणं संपलं तरी तू एकटाच गात असतोस रे. आम्हाला वाटलं, कशाला..."

"कशाला," नॉर्बर्ट म्हणाला. "दोन ट्रान्सफॉर्मर जाळले मी. दोन. आणि तुम्ही मला केक पाठवत होता."

घड्याळात साडेदहा झाले होते आणि दुधाची गाडी कुणाच्या मनाला काय वाटते म्हणून थांबणार नव्हती. नॉर्बर्टने पेटी उघडून फिलर गेज काढले. पत्तीवरचा आकडा वाचायला ते डोळ्यांपासून लांब धरले, जवळ धरले, मग जोलीनच्या हातात दिले.

"तू लाव. पोटही आता तुझंच."

तिने वीज तोडली, भार उतरवला, पत्ती घालून फट लावली, झाकण बसवले. वेष्टनावरचा नवा डाग तिने पाहिला पण काही बोलली नाही. या खेपेला मला त्याचा राग आला नाही. तिने मुखवटा ओढला आणि पेडल दाबले. ठिणगी सहज उडाली. ज्योत पहिल्याच झटक्यात पेटली, निळी आणि स्थिर, आणि तडकलेल्या पोलादाच्या दोन कडा एकमेकींत विरघळू लागल्या.

नॉर्बर्ट अर्विनच्या खांद्याशी उभा होता. काळ्या काचेतून त्याला उजेड दिसत होता. तेवढेच दिसत होते. त्याने अर्विनला कोपराने ढोसले.

"सुरुवातीला आवाज आला?"

"आला," अर्विन त्याच्या कानाशी ओरडला.

"कसा?"

अर्विनने नीट विचार केला. "बारीक. अगदी बारीक."

"मग बरोबर आहे," नॉर्बर्ट म्हणाला, आणि जोलीन सांधा पुरा करेपर्यंत काळ्या काचेतून बघत राहिला.

पाइप दीड वाजता बसला. त्यानंतर तपासनिसाचे बोट त्यातून दोनदा फिरले आणि कुठेच थांबले नाही. भंगारवाल्याला फोन झाला नाही. नॉर्बर्ट रोज येतो, कानामागे ऐकण्याचे नवे यंत्र लावून आणि त्याला शिव्या देत देत. माझ्या झाकणाला तो हात लावत नाही.

हे वाचून तुम्हाला वाटेल, शेवट गोड झाला. मला तसे वाटत नाही. माझ्या तिसऱ्या ट्रान्सफॉर्मरवर दोन डाग आहेत. तो दहा वर्षे चालेल किंवा येत्या गुरुवारी जळेल, मलाही सांगता येत नाही, आणि चौथा या पृथ्वीवर कुठे शिल्लक नाही. तेव्हा मित्रांनो, यंत्रांची निगा राखा, फट मापाने लावा, ग्राइंडरजवळ कान झाका, हे सगळे मी सांगणारच होतो आणि सांगितले असे समजा. पण माझी खरी विनवणी वेगळी आहे. तुमच्या घरात कुणाला दिसत नसेल, ऐकू येत नसेल, आठवत नसेल, आणि तो भलत्याच कुणावर चिडत असेल, तर त्याला सांगा. त्याचा मान राखायचा म्हणून गप्प बसू नका. मी बोललो नाही, कारण मला तोंड नव्हते. जोलीनला होते.